बर्फातलं इंजेक्शन आणि पेशीतला मोटरमन

माझ्या पिशवीत महिन्यातून दोनदा बर्फ असतो. प्रिन्सेस स्ट्रीटवर बाबांची इंजेक्शनं जरा स्वस्त पडतात, म्हणून तिथून घ्यायची, सीएसएमटीपर्यंत चालत यायचं आणि भांडुपसाठी स्लो पकडायची. इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण गोठलं की वाया गेलं. त्यामुळे बर्फाची थैली आणि इंजेक्शनचं खोकं यांच्यामध्ये मी एक जुना नॅपकिन चौपदरी घडी करून घालते. खोक्यावर आणखी एक सूचना असते, हलवू नका. संध्याकाळी सहा वाजता लेडीज डब्यात उभं राहून ही सूचना कशी पाळायची, ते मात्र कुठे छापलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात दादरला चढलेल्या एका मावशींनी पिशवीतून गळणारं पाणी पाहिलं आणि विचारलं, "काय गं, पापलेट का?"

"नाही हो मावशी, बाबांचं इंजेक्शन आहे. डायलिसिसवर आहेत."

"मग रक्त वाढायचं असेल. आमच्या दिरांना होतं." आणि त्यांनी पाय आवरून पिशवी ठेवायला जागा केली.

ज्या घरात डायलिसिस आहे तिथे याचं नाव हेच, रक्त वाढायचं इंजेक्शन. खरं नाव इरिथ्रोपॉयटिन, बोलताना ईपीओ. मुळात हे शरीराचं स्वतःचं संप्रेरक. तुमच्या-माझ्या किडन्या ते रोज बनवतात, रक्तात सोडतात, ते हाडांच्या मगजापर्यंत पोचतं आणि तिथे तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं. किडन्या निकामी झाल्या की हा पुरवठा आटतो, हिमोग्लोबिन आठ-नऊवर येतं आणि माणूस दोन जिने चढला तरी बसतो. १९८९ मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला परवानगी मिळाली, त्याआधी अशा रुग्णांपुढे वारंवार रक्त चढवण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, यूजीन गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवलं, तेव्हा त्यासाठी रक्तक्षयाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी आटवावी लागली होती. हाती आले काही मिलिग्रॅम.

बाबा आयुष्यभर छापखान्यात होते. मजकुरात कुठे काय गळलंय ते त्यांना आधी दिसतं. एका शनिवारी मशीनवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, "किडनीचं काम लघवी गाळण्याचं. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे तिला सांगतं कोण?" मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, उत्तर मला येत होतं. पण दोन वाक्यांत सांगता येईना. हा लेख म्हणजे त्या दिवशी न जमलेलं उत्तर.

आधी एक गल्लत दूर करते. भांडुपच्या पुलावरून धावत जाऊन गाडी पकडली की धाप लागते आणि पोटऱ्या भरून येतात. तेव्हा जे घडतं ते या लेखातलं नव्हे. मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन घसरला की ती काही सेकंदांत मेंदूला कळवते आणि श्वास वाढतो. श्वासावरच्या या नियंत्रणाच्या शोधासाठी कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. स्नायूंमध्येही झटपट सोय आहे. ऊर्जेचा साठा घटला की साखर फोडणाऱ्या साखळीतला एक महत्त्वाचा एन्झाइम जागच्या जागी वेग घेतो, त्यासाठी नवं काही बनवावं लागत नाही. हे सगळं सेकंदांचं काम. बाबांचा प्रश्न संथ कारभाराबद्दल होता. तास, दिवस, आठवडे ऑक्सिजन कमीच राहिला तर पेशी आपला संसार नव्याने कसा लावते?

असा संसार लावला जातो हे माणसाला बरंच आधी दिसलं होतं. १८९० च्या सुमारास फ्रान्सुआ व्हिओ नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूमधल्या साडेचार हजार मीटर उंचीच्या खाणगावात गेले आणि स्वतःचंच रक्त मोजत राहिले. घनमिलिमीटरमागे ५० लाखांच्या आसपास असलेल्या तांबड्या पेशी दोन-तीन आठवड्यांत ७० लाखांच्या वर गेल्या. पण 'वाढतात' हे कळणं वेगळं आणि 'कुणाच्या सांगण्यावरून वाढतात' हे कळणं वेगळं. या दुसऱ्या प्रश्नाला शंभर वर्षं लागली. २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तो सोडवणाऱ्या तिघांना मिळालं. बाल्टिमोरचे ग्रेग सेमेंझा, ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ आणि बोस्टनचे विल्यम केलिन.

सेमेंझा ईपीओच्या जनुकापासून निघाले. ऑक्सिजन कमी झाला की हे जनुक चालू होतं, म्हणजे त्याच्या शेजारी कुठेतरी बटण असणार आणि ते दाबणारं बोट असणार. १९९२ मध्ये त्यांना ते बोट सापडलं. डीएनएच्या त्या तुकड्याला येऊन चिकटणारं, आणि ऑक्सिजन कमी असतानाच दिसणारं एक प्रथिन. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आपण सोडून देऊ. सगळे त्याला 'हिफ' म्हणतात, आपणही हिफच म्हणू. रॅटक्लिफ स्वतः किडनीचे डॉक्टर. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिलं की ऑक्सिजन ओळखणारी ही यंत्रणा एकट्या किडनीची मिरास नाही. ज्यांनी जन्मात कधी ईपीओ बनवलं नाही अशा पेशींमध्येही ती चालू स्थितीत असते. मला यातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं. कातडीची पेशी, यकृताची पेशी, मेंदूची पेशी, प्रत्येकीकडे स्वतःचा पहारा आहे. किडनीने त्या पहाऱ्याला फक्त ईपीओच्या जनुकाची जोड दिलेली आहे.

आता हा पहारा चालतो कसा? सहज सुचेल ते असं की ऑक्सिजन कमी झाला की पेशी हिफ बनवायला लागत असेल. तसं होत नाही. हिफ ज्या दोन तुकड्यांचं बनतं, त्यातला अल्फा नावाचा तुकडा पेशी चोवीस तास बनवत असते, भरपूर ऑक्सिजन असतानाही. आणि बनवला की लगेच मोडून टाकते. ऑक्सिजन असेल तर बनलेल्या तुकड्यांपैकी निम्मे पाच मिनिटांच्या आतबाहेर मोडलेले असतात. कारखान्याच्या एका दारातून माल बाहेर यावा आणि दुसऱ्या दारात भंगारवाल्याने तो तोलून न्यावा, असा रात्रंदिवस धंदा.

हे मी घरी सांगत होते तेव्हा मामा आला होता. मामा लोकलवर मोटरमन होता, रिटायर झाला तरी बोटं अजून हँडलवर असल्यासारखी असतात. तो म्हणाला, "हे आमच्या डेड मॅन हँडलसारखं झालं की गं." मोटरमनला गाडी चालवताना हँडल सतत दाबून ठेवावं लागतं. त्याला काही झालं आणि हात सुटला, की पॉवर तुटते आणि ब्रेक लागतात. म्हणजे संकट आल्यावर कुणीतरी उठून काहीतरी करायचं, अशी व्यवस्थाच नाही. ब्रेक मुळातच लागायला टपलेला असतो, जिवंत हात त्याला क्षणोक्षणी थोपवून धरतो. तो हात म्हणजे ऑक्सिजन. हिफ म्हणजे टपलेला ब्रेक. गुदमरू लागलेल्या पेशीला नवं प्रथिन जुळवत बसायचं नसतं, नुसतं मोडणं थांबलं तरी मिनिटांत हिफ साचायला लागतं. ऑक्सिजन परतला की मिनिटांत नाहीसं होतं. रात्रंदिवसाची ती उधळपट्टी म्हणजे या चपळाईचं भाडं आहे.

ऑक्सिजनचा हात हिफवर नेमका कुठे पडतो, हे सापडायला एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराची मदत झाली. व्हॉन हिपेल आणि लिंडाऊ या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात डोळ्यांत, मेंदूत, किडनीत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात, आणि काही रुग्णांच्या तांबड्या पेशीही वाढतात. केलिन कर्करोगाचे अभ्यासक, ते या आजारामागच्या व्हीएचएल जनुकावर काम करत होते. रक्तवाहिन्या वाढल्यात, तांबड्या पेशी वाढल्यात, म्हणजे या गाठी ऑक्सिजन मिळत असूनही तो मिळत नसल्यासारख्या वागताहेत, हे त्यांच्या नजरेत भरलं. १९९९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या गटाने धागा जुळवला. हिफ मोडायचं तर या जनुकापासून बनणारं व्हीएचएल प्रथिन लागतं. व्हीएचएल हिफला पकडतं, त्याच्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जातात, आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन पेशीतल्या भरडयंत्रात जातं.

पण व्हीएचएल ऑक्सिजन असतानाच हिफला का पकडतं? २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. हिफ हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिच्यात ४०२ आणि ५६४ या जागांवर प्रोलीन नावाचा मणी आहे. या मण्यांवर एक ऑक्सिजनचा अणू बसवला गेला की व्हीएचएलला हिफ ओळखता येतं. अणू बसला नाही तर व्हीएचएल शेजारून निघून जातं. तो अणू बसवणारे एन्झाइम आहेत, आणि त्यांचं लघुरूप, चेष्टा नाही, पीएचडी असं आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, तुमची झाली का?"

पीएचडीला कामासाठी चार गोष्टी लागतात. ऑक्सिजन, लोखंडाचा एक अणू, साखर जाळताना मधेच तयार होणारा ऑक्सोग्लुटारेट नावाचा पदार्थ, आणि लोखंड योग्य अवस्थेत टिकवायला क जीवनसत्त्व. यातला ऑक्सिजन कच्चा माल आहे. हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे, कारण पेशीत ऑक्सिजनचा काटा दाखवणारं मीटर कुठेही नाही. एक एन्झाइम आहे, तो ऑक्सिजन खर्चून खूण करतो. माल आला नाही तर खूण होत नाही, आणि खूण झाली नाही हीच बातमी.

इथे बाबांनी लाल पेन्सिल काढली. "पण ऑक्सिजन तर पेशीत सगळ्यांनाच लागतो. दुसरा एखादा एन्झाइम का नाही पहारेकरी?" या प्रश्नासाठी मी त्यांना मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

मामाची उपमाही इथे लंगडी पडते, कारण हँडल एक तर दाबलेलं असतं किंवा सुटलेलं. पेशीला 'थोडा कमी', 'बराच कमी', 'फारच कमी' यांत फरक करायचा असतो. त्यासाठी दुसरी उपमा, रूळ तेच.

लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट असते. तिच्यावर टेकणारा एक गडी प्रत्येक डब्यात असतो. वीतभर जागा दिसली तरी तो "जरा सरका" म्हणतो आणि बसतो. आमचे बाबा याच्या अगदी उलट. छापखान्यात जायचे तेव्हा निम्मा डबा रिकामा असल्याशिवाय ते बसायचे नाहीत. म्हातारं माणूस चढेल, बाई चढेल, उगाच कशाला. आता डब्यात गर्दी किती होती हे तुम्हाला घरबसल्या ओळखायचं असेल तर विचारणार कुणाला? चौथ्या सीटवाल्याला विचारून उपयोग नाही, तो रोजच बसून येतो. बाबा आज बसून आले की उभे, कुर्ल्यापासून बसले की विक्रोळीपासून, त्यावरून गर्दीचा बरोबर अंदाज येतो.

पेशीतला चौथ्या सीटवाला म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला बहुतेक शेवटी याच्या पोटात जातो. लिटरमागे एक मायक्रोमोलपेक्षा कमी ऑक्सिजन असला तरी हा निम्म्या वेगाने काम उरकतो. पीएचडीला निम्मा वेग गाठायलाच, परीक्षानळीत मोजलं तर, २०० मायक्रोमोलच्या वर ऑक्सिजन लागतो. एकक विसरा, आकडे बघा. उघड्या हवेतल्या पाण्यात शरीराच्या तापमानाला साधारण २०० मायक्रोमोल ऑक्सिजन मुरतो, आणि आपल्या ऊतींमध्ये बहुतेक ठिकाणी तो त्याच्या चौथाईच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे पीएचडीचं पोट शरीरात कधीच भरत नाही. आणि पोट भरत नाही म्हणूनच ऑक्सिजन जरा घटला की त्याचा वेग जरा घटतो, निम्मा झाला की साधारण निम्मा होतो. भरल्या पोटाच्या एन्झाइमला हा फरक जाणवलाच नसता. एन्झाइम म्हणून बघितलं तर पीएचडी सुमार आहे, संथ आणि ऑक्सिजन पकडण्यात ढिला. पहारेकरी म्हणून त्याला तोड नाही, आणि तीही त्याच ढिलाईमुळे.

शिवाय दुसरं कुलूप आहे. मोडण्यातून वाचलेल्या हिफवर आणखी एक एन्झाइम वेगळ्या जागी, ८०३ व्या मण्यावर, ऑक्सिजन बसवतो. तो बसला की हिफला जनुक चालू करायला लागणारे मदतनीस भेटत नाहीत. हा एन्झाइम पीएचडीपेक्षा कमी ऑक्सिजनवरही तग धरतो. त्यामुळे ऑक्सिजन थोडा घटला की हिफ साचतं पण अर्धं बांधलेलं राहतं, फारच घटला की दोन्ही कुलपं उघडतात. आणि मोकळं झालेलं हिफ ज्या जनुकांना चालू करतं त्यांत पीएचडी बनवणारी जनुकंही आहेत. म्हणजे संकटातच पहारेकऱ्यांची भरती होते, ऑक्सिजन परतला की ते तुटून पडतात आणि हिफ झाडून साफ होतं.

मोकळं झालेलं हिफ काय काय करतं याची यादी शेकडो जनुकांची आहे, ती मी देणार नाही. रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन, साखर आत ओढणारं प्रथिन, साखर फोडणारे एन्झाइम, किडनीत ईपीओ. हिफचे प्रकार आहेत, आणि ईपीओचा कारभार मुख्यतः दोन नंबरच्या हिफकडे आहे. पण एका एन्झाइमपाशी थांबायलाच हवं, कारण पेशी आपल्याच एन्झाइमला कशी वेसण घालते ते तिथे उघड्यावर दिसतं.

ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळला तर साधारण ३० एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचं खर्चाचं चलन. ऑक्सिजन न वापरता नुसता फोडला तर मिळतात २. फोडल्यावर पायरुव्हेट उरतं, आणि ते जळायला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, जाऊन एका फाटकातून पुढे सरकतं. त्या फाटकाचं नाव पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज. ऑक्सिजन कमी असताना हे फाटक उघडं ठेवलं तर आतल्या भट्टीत इंधन येत राहतं आणि जाळायला हवा नाही. मग धूर होतो. पेशीच्या भाषेत धूर म्हणजे वाटेतच निसटलेले इलेक्ट्रॉन, त्यांच्यापासून बनणारे ऑक्सिजनचे विखारी रेणू, आणि त्यांनी पोळलेली प्रथिनं नि डीएनए. म्हणून हिफ पीडीके १ नावाचा एन्झाइम बनवून घेतं. पीडीके १ फाटकावर फॉस्फेटचा गट अडकवतो आणि फाटक बंद होतं. फाटकाची मोडतोड होत नाही, नुसती कडी लागते. ऑक्सिजन परतल्यावर दुसरा एन्झाइम फॉस्फेट काढून कडी उघडतो. दरम्यान पायरुव्हेटचं लॅक्टेट करून पेशी साखर फोडण्याची साखळी चालू ठेवते. २००६ मध्ये हे उघड झालं तेव्हा बऱ्याच जणांची समजूत उलटी झाली. तोवर वाटायचं की ऑक्सिजन संपला म्हणून भट्टी आपोआप विझते. प्रत्यक्षात पुरता संपायच्या आत पेशी स्वतःच ती मंद करते. इतकंच काय, चौथ्या सीटवाल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजचा एक भागही हिफ बदलून घेतं, जुना मोडायचा, नवा बसवायचा, म्हणजे तुटपुंज्या ऑक्सिजनवर तो जास्त नीट चालतो.

एन्झाइमला आवरायचे दोन मार्ग असे शेजारी शेजारी दिसतात. कडी लावणं-काढणं, आणि मुळात त्याची संख्याच वाढवणं-घटवणं. पुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यांत असतं आणि मुलं दोन्ही वेगवेगळं पाठ करतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

लोखंडाच्या त्या अणूची एक जुनी गोष्ट आहे. ईपीओ हाती येण्याआधी काही डॉक्टर रक्तक्षयावर कोबाल्टचे क्षार द्यायचे. हिमोग्लोबिन वाढायचं, का ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. कोबाल्ट पीएचडीतल्या लोखंडाच्या आड येतं, एन्झाइम थंडावतो, आणि भरपूर ऑक्सिजनमध्ये बसलेल्या पेशीला आपण गुदमरतोय असं वाटतं. प्रयोगशाळेत आजही पेशींना खोटी घुसमट द्यायची तर कोबाल्ट क्लोराइड घालतात. औषध म्हणून ते गेलं, कारण थायरॉइड आणि हृदय दोन्ही बिघडायचे. १९६० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट घातलं गेलं आणि भरपूर पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली.

क जीवनसत्त्वाची गोष्ट याहून जुनी. प्रोलीनवर ऑक्सिजन बसवणं ही किमया शरीर दुसरीकडेही करतं. हिरड्या, कातडी, हाडं धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनचा पीळ याच किमयेने घट्ट होतो, आणि तिथला एन्झाइम पीएचडीचा चुलतभाऊ आहे. महिनोन्‌महिने ताजी फळं-भाजी न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या सुटायच्या, दात पडायचे, ते या चुलतभावाला क जीवनसत्त्व मिळालं नाही म्हणून. हे वाचून कुणी आवळ्याच्या रसाला ऑक्सिजनवाढीचं औषध म्हणून पुढे पाठवू नये, ही विनंती. पोटभर जेवणाऱ्या माणसाचा पीएचडी आवळ्यावाचून अडलेला नसतो.

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं विमानाने थेट लेहला गेली. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, तिथे दर श्वासात समुद्रकाठच्या मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन. परत आल्यावर एक काकू म्हणाल्या, चार दिवसांत रक्त वाढलं बघ. ईपीओ काही तासांत वाढतं हे खरं, पण नव्या तांबड्या पेशी तयार होऊन रक्तात येऊन फरक पडायला आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला दिसतो, तो बराचसा रक्तातलं पाणी घटल्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्या तिबेटी लोकांमध्ये तर उलटाच प्रकार सापडला. त्यांचं हिमोग्लोबिन फारसं वाढलेलं नसतं, आणि २०१० मधल्या अभ्यासांत त्यांच्या दोन जनुकांमध्ये वेगळेपण आढळलं, एक पीएचडीचं आणि दुसरं दोन नंबरच्या हिफचं. रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्यापेक्षा पहारेकऱ्याचा कान जरा कमी तिखट केलेला बरा, असा हा बंदोबस्त दिसतो.

जुलैत कर्जतच्या पुढे गाडीतून पाण्यात बुडालेली भातखाचरं दिसतात. वनस्पतींमध्ये हिफ नाही, पीएचडीचा हा पहाराही नाही. पण पाण्याखाली गुदमरलेल्या रोपाला ते कळतं कसं, याचा उलगडा २०११ पासून होत गेला तेव्हा यंत्रणा ओळखीची निघाली. एक प्रथिन सतत बनतं, एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून त्याच्यावर खूण करतो, खूण झालेलं प्रथिन मोडलं जातं. मणी वेगळा, प्रोलीनच्या जागी सिस्टीन. एन्झाइम वेगळा. हँडल तेच. मामाला हे सांगितलं तेव्हा त्याने नुसती मान डोलावली, जणू रेल्वेनेच ते भाताला दिलं होतं.

कर्करोगाबद्दल थोडक्यात. भराभर वाढणाऱ्या गाठीच्या आतवर रक्त पोचत नाही, तिथे हिफ जागं होतं आणि गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतं. किडनीच्या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात तर व्हीएचएलच बाद झालेलं असतं. दोन नंबरच्या हिफला अडवणारं बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएल आजारासाठी मंजूर झालं.

आता बाबांचा मूळ प्रश्न. किडनीच का? दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढ्या, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्यातून जातो. बाकी ठिकाणी रक्ताचा ओघ कमी झाला तरी ऑक्सिजन घटतो आणि रक्त पातळ झालं तरी घटतो, दोन्हींतला फरक कळत नाही. किडनीत ओघ कमी झाला की गाळणं कमी होतं, गाळलेलं मीठ परत शोषण्याचं कष्टाचं काम कमी होतं, म्हणून ऑक्सिजनचा खर्चही उतरतो. जमा आणि खर्च एकदम घटल्याने शिल्लक फारशी हलत नाही. शिल्लक हलते ती मुख्यतः हिमोग्लोबिन कमी झाल्यावर. रक्त मोजायला याहून बरी जागा मिळाली नसती, असं या कोड्याचं सध्या दिलं जाणारं उत्तर आहे.

आणि निकामी किडनीतला ईपीओचा कारखाना? तो पुरता बंद पडतो असंच वाटायचं. मग पीएचडीला अडवणाऱ्या गोळ्या आल्या. या गोळ्यांचा रेणू ऑक्सोग्लुटारेटची नक्कल करून एन्झाइमच्या खोबणीत बसतो, एन्झाइम अडतो, हिफ साचतं. आणि डायलिसिसवर असलेल्या माणसांच्या शरीरानेही स्वतःचं ईपीओ बनवलं. म्हणजे कारखान्यात कामगार होते, त्यांना 'सगळं ठीक आहे' असा निरोप जात होता. चीनने रॉक्साडुस्टॅटला २०१८ मध्ये परवानगी दिली. भारतात २०२२ पासून अहमदाबादच्या झायडसचं डेसिडुस्टॅट आहे. अमेरिकेने डॅप्रोडुस्टॅटला २०२३ मध्ये फक्त डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी वाट मोकळी केली, तीही रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावून. इशारा इंजेक्शनलाही आहे. पण गोळी ज्याला हात घालते ते हिफ शेकडो जनुकं हलवतं, त्यातलं ईपीओ एक. वर्षानुवर्षं घेतली तर बाकीच्या जनुकांचं काय, यावर किडनीच्या डॉक्टरांमध्ये आजही दोन मतं ऐकू येतात, आणि मला ती दोन्ही पटतात.

बाबांनी हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्या गोळीला बर्फ नाही ना लागत?"

डॉक्टर हसले. बाबांच्या हाताचा फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, एकदा गुठळी होऊन बंद पडला होता, ती फाइल त्यांनी उघडली, दोन पानं मागे गेले आणि म्हणाले, "तूर्तास इंजेक्शनच. आणि लोखंड किती शिल्लक आहे ते बघू, आधी फेरिटिन काढून आणा."